नाव न घेतल्याचा गुन्हा

चौसष्ट साली आफ्रिकेतल्या जंगबारात दंगल उसळली, आमचं दुकान जळालं आणि दुकानाबरोबर कागदही गेले. शेजारच्या अरब कुटुंबाने मला आपल्या गलबतात घेतलं म्हणून मी दुबईच्या खाडीत जिवंत उतरले. वय एकोणीस. आमचे हे दुबईच्याच एका कंपनीच्या जहाजावर खलाशी, पण तेव्हा समुद्रावर होते, दोन महिने तरी परतणार नव्हते.

बाहेरून येणाऱ्यांची नोंद करणाऱ्या सरकारी ऑफिसातल्या कारकुनाने माझी हकीकत लिहून घेतली. कुठून आलीस, का आलीस, सगळं नीट सांगितलं हो मी. मग त्याने विचारलं, शौहर का नाम? आता आम्हा कोकणी मुसलमानांच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेतात का? मी मान खाली घातली. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा गप्प. त्याने लिहून टाकलं की दोनदा विचारूनही बाई गप्प, म्हणजे नवऱ्याचं नावसुद्धा माहीत नाही, तिच्या हकीकतीवर विश्वास ठेवता येत नाही, पुढच्या गलबताने परत पाठवावी.

परत म्हणजे कुठे, तर त्याच आगीत.

खाडीकाठच्या बर दुबई वस्तीत आमच्या रत्नागिरीकडची एक म्हातारी होती, तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत. तिने मला घरात घेतलं, जेवू घातलं आणि वर चार शब्द सुनावलेही. म्हणाली, "पोरी, नाव घेतल्यानं त्याचं आयुष्य घटतं म्हणतेस. आणि तूच गेलीस तर तो आयुष्य घेऊन करील काय?"

दुसऱ्या दिवशी डोळे मिटून, तोबा तोबा म्हणत मी नाव सांगून आले. तर कारकून हसला. काल माहीत नव्हतं, आज आठवलं, म्हणजे कुणीतरी पढवलं. खलास.

खालाचा जावई त्याच ऑफिसात दुभाष्या होता. त्याने सांगितलं, वर एक इंग्रज साहेब आहे, त्याच्याकडे अर्ज करता येतो. त्यानेच अर्ज लिहिला आणि मला साहेबापुढे घेऊन गेला. मला वाटलं, साहेब मला सगळं पहिल्यापासून विचारील. त्याने मला काहीच विचारलं नाही. कागद वाचला आणि कारकुनाला बोलावलं. पुढचं बोलणं जावयाने मला हळू आवाजात सांगितलं. साहेब म्हणाला, ही खरी की खोटी ते मी ठरवणार नाही, ते तुझं काम. पण ही गप्प बसली एवढंच कागदावर दिसतंय. माहीत नाही, असं ती म्हणाली का? नाही. गप्प का बसलीस, असं तू विचारलंस का? तेही नाही. मग आता विचार, आणि नव्याने लिही.

पुन्हा तोच कारकून, तेच टेबल. पहिल्या दिवशी गप्प का बसलीस, असं त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "भाई, हे समुद्रावर आहेत. अशा वेळी मी त्यांचं नाव कसं घेणार होते?"

त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "हमारी अम्मी भी नहीं लेतीं. पूछना चाहिए था."

कंपनीकडून त्याने यांचा कागद मागवला, मी सांगितलेलं नाव, गाव, सगळं ताडून पाहिलं आणि शिक्का मारला. त्या साहेबासाठी, खालासाठी, जावयासाठी मी रोज दुवा मागते. त्या कारकुनासाठीही. आपलंच लिहिलेलं खोडायला माणसाला जड जातं, त्याने माझ्यासमोर खोडलं.

दोन महिन्यांनी जहाज आलं. हे खाडीवर उतरले तेव्हा मी तिथे उभी होते.