बासरच्या पुढचं पाणी

आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, लातूरला कापडाचं दुकान होतं आणि त्यांना शिडाच्या होडीतून समुद्रापर्यंत जायचं होतं. लातूरच्या माणसानं समुद्राचं नाव काढावं तरी कशाला? पण नांदेडला वसुलीला गेलेला हा गृहस्थ गोदावरीकाठी एक जुनी होडी विकत घेऊन बसला. दुकानातल्या मांजरपाटाचं शीड अव्वानं, माझ्या आईनं, बडबडत शिवलं. डोलकाठीला बांबू किनवटहून आला.

त्या साली पाऊस चांगला झाला होता. भाद्रपदात आम्ही दोघं नांदेडहून निघालो. आप्पांना वेळेवर जेवायला घालायला कुणीतरी हवं, म्हणून अव्वानंच मला, लेकीला, सोबत धाडलं. शिडात वारा भरला की होडी जराशी कलायची, दोरी हाताला ओढ द्यायची, आणि पाण्याशिवाय कशाचा आवाज नसायचा. धुणं धुणाऱ्या बाया काठावरून विचारायच्या, "कुठं निघालाव?" आप्पा सांगायचे, "समुद्राला." बाया हसायच्या, आप्पाही हसायचे. मुक्कामाला दशम्या आणि शेंगांची चटणी. रोज संध्याकाळी ते नदीत बोट बुडवून चाखायचे आणि म्हणायचे, "अजून गोड हाय. म्हंजे लांब हाय."

बासरच्या पुढे धरणाचं फुगलेलं पाणी लागलं. पलीकडचा काठ दिसेना. सुकाणू धरून आप्पांनी होडी तशीच पुढे पुढे जाऊ दिली. इतका सुखी माणूस मी नंतर पाहिला नाही. दसऱ्याचं गिऱ्हाईक तोंडावर आलं होतं म्हणून तिथूनच परतलो. "पुढल्या साली पुरं करू," ते म्हणाले, "धरण आडवं आलं की होडी गाडीत टाकायची, देवणीचे बैल लावायचे."

मग आम्ही कोरड्या मुलखातली माणसं करणार तेच केलं. पाण्यात राहून होडी कुजेल म्हणून ती ट्रकनं लातूरला आणली आणि गोदामाच्या पत्र्याखाली जपून ठेवली. घरी अव्वा आमटी वाढताना चिडवायची, "चाखून बघा, आला का समुद्र?"

त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. गल्लीत पेढे वाटले गेले. पाऊस मात्र गेला तो गेलाच. उन्हाळ्यात होडीच्या फळ्या सुकून फाकल्या, मधून उजेड दिसू लागला. लाकूड ओलं ठेवायला लागतं हे आम्हाला तेव्हा कळलं. तोवर गल्लीत टँकर सुरू झाले होते. तीच बडबडणारी अव्वा मग आमच्या आंघोळीचं पाणी परातीत धरायची आणि पोती भिजवून होडीवर टाकायची.

एका दुपारी शेजारीण बादलीभर पाणी मागायला आली. तिच्या घरात लेक बाळंत झालेली. ओल्या पोत्यांकडे ती बघत राहिली. ती गेल्यावर आप्पा म्हणाले, "उद्यापासनं होडीला पाणी घालू नगा. बाळुती धुवायला तिकडं देत जा."

"मंग होडीचं काय?" अव्वानं विचारलं.

"ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर आप्पा गोदामात जाईनासे झाले. मला त्यांचा अभिमान वाटायला हवा होता. मला नुसतं रडू येत होतं.

पुन्हा चांगला पाऊस पडला त्या साली आप्पा दुकानातच गेले, कापड मोजता मोजता. गोदावरी दुथडी वाहत होती. आमच्यात दहन करत नाहीत, माणसाला मातीत मांडी घालून बसवतात. जाळलं असतं तर राख तरी बासरच्या पुढे गेली असती, असं माझ्या मनात येत होतं आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं. आप्पांना खाली बसवलं. कपाळाला भस्म लावलं. मग रीतीप्रमाणे त्यांच्या भोवती पोत्यानं मीठ ओतलं. मीही ओंजळभर टाकलं.

घरी आलो तेव्हा मीठ हाताला चिकटलेलं होतं. दारात अव्वानं हात धुवायला तांब्या पुढे केला. मी आधी बोट जिभेला लावलं. तिनं ते पाहिलं.

"कसं लागलं?" तिनं हळूच विचारलं.

"खारट," मी म्हणाले. तांब्या तसाच हातात धरून ती उंबऱ्यावर बसली, आणि आम्ही दोघी तिथंच रडलो.