खजुरांच्या गावातलं वाळवण

आयर्लंडमध्ये काहीही वाळत नाही, हे आईने विमानतळावरून घरी येतानाच ठरवून टाकलं होतं. पुढे तिने ते सिद्धही केलं. ड्रोहेडातल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात, जरा उघडीप दिसली म्हणून, तिने साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. दुपारपर्यंत त्यांची खीर झाली. उरलेल्या तिने रेडिएटरवर ताटात पसरल्या, तर चौथ्या दिवशी त्यांना हिरवी लव आली. "इथं काई वायत नाई वं," ती म्हणाली, आणि त्यानंतर टॉवेल, केस, पायपुसणं, कशावरूनही हेच वाक्य ऐकू येऊ लागलं.

आई अकोल्याची. उन्हाला ती नावं ठेवते ती घरच्या माणसाला ठेवावीत तशी. माझ्या बाळंतपणासाठी आली होती. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि एकटीने केलेला हा तिचा पहिलाच लांबचा प्रवास.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं ठरलं होतं. ड्रोहेडात आता मराठी घरं बरीच आहेत. कुणी इस्पितळात कामाला, कुणी माझ्या नवऱ्यासारखे रोज डब्लिनला जाणारे. बायका हौशी, त्यामुळे बाकी कशाची काळजी नव्हती. मला फक्त एक हवं होतं, की माझी पहिली ओटी आईने भरावी. आई म्हणाली, "सवाशिणीनं भरावं. मी वर खोलीत बसतो." बाबा गेल्यापासून ती हेच करत आली होती. कुणाकडे हळदीकुंकू असलं की ही आतल्या खोलीत. मी समजावलं, मग चिडले, मग तिने शेवटचं सांगितलं, "अन मंग लेकराले काई झालं तं?" त्यावर माझं डोकंच फिरलं. मी तापट, ती हट्टी. खाण तशी माती. आठवडाभर आम्ही एकमेकींशी फक्त कुकरच्या शिट्ट्यांबद्दल बोललो.

नवऱ्याने या शीतयुद्धातून सुटायला ऑक्टोबरच्या सुट्टीत मोरोक्कोला जायचं काढलं. व्हिसाचे सोपस्कार त्यानेच केले. माझ्या मिडवाइफने पोट चाचपलं, पाणी भरपूर प्यायला सांगितलं आणि "यू'ल बी ग्रँड" म्हणून आशीर्वाद दिला. आईने एकच विचारलं, "तिथं ऊन रायते काय?"

माराकेशला उतरून गाडी घेतली आणि ॲटलासचे डोंगर ओलांडून पलीकडे उतरलो. वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या, असं मी धरून चालले होते. ते तसं नव्हतं. तासन् तास नुसता दगड, काळा, तांबूस, मध्येच राखाडी, आणि त्यावर इतकं मोठं आकाश की गाडीत कुणाला बोलायचंच सुचेना. माझ्या बडबड्या नवऱ्याला गप्प बसवणारा हा पहिलाच प्रदेश. आईने मागची काच खाली केली आणि हात बाहेर काढून बसली. तिचे गुडघे दुखायचे थांबले होते. ती म्हणाली, "आता कसं माणसात आल्यासारखं वाटते."

मग एका वळणावर खाली द्रा नदीचं खोरं दिसलं. मातकट लुगड्याला हिरवा काठ असावा तशी खजुराच्या झाडांची एक पट्टी, आणि तिला धरून मातीची गावं. सहारा ओलांडून आलेले उंटांचे तांडे एकेकाळी या गावांत पाणी प्यायला थांबायचे. मीठ, सोनं, कातडी, सगळं इथून जायचं. तांडे थांबले, गावं राहिली. आम्ही उतरलो ते गाव अशांपैकीच एक. उंच मातीच्या भिंती, कोपऱ्यांवर बुरूज, आत झाकलेल्या गल्ल्या, आणि बाहेर रणरणतं ऊन असताना त्या गल्ल्यांत माठाजवळ बसल्यासारखा गारवा. आईने भिंतीवरून हात फिरवला. "ह्या तं गढ्याच हाये आपल्याकडच्या," ती म्हणाली. "फक्त यायनं पडू नाई देल्ल्या."

खरं नवल तर झाडांखाली होतं. वर खजूर, त्याच्या सावलीत डाळिंब आणि अंजीर, त्यांच्या सावलीत लसूणघास आणि भाजी. एका तुकड्यात तीन मजल्यांची शेती. मधून हातभर रुंदीचा पाट वाहत होता. एका म्हाताऱ्याने फावड्याने मातीचा बांध फोडला, पाणी आपल्या वाफ्यात घेतलं, आणि काही वेळाने स्वतःच बांध घालून पुढच्याला सोडलं. पहारा नाही, भांडण नाही. पाण्याची पाळी ठरलेली, ती पिढ्यान् पिढ्या तशीच चालली आहे. आमच्या अकोल्यात नळ यायच्या दिवशी गल्लीत काय होतं ते आठवून मी मनोमन त्या गावाला हात जोडले. आई बराच वेळ पाटाशी उभी होती. मला म्हणाली, "एवढ्याशा पान्यावर एवढं गाव. कोनाच्या तरी पुण्याईचं हाये."

आम्ही उतरलो होतो ते घर एका बाईंचं होतं. आईच्याच वयाच्या, अंगावर रंगीत कशिद्याची काळी ओढणी, कमरेला किल्ल्या. खालच्या खोल्या पाहुण्यांना, वर गच्ची. गच्चीवर चटया अंथरून त्यांनी खजूर वाळत घातले होते. आईने ते पाहिलं आणि तिचे डोळे चमकले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी उठले तर आई जागेवर नाही. शोधत गच्चीवर गेले. चटयांच्या शेजारी आईची जुनी साडी पसरलेली, चारी कोपऱ्यांवर दगड, आणि तिच्यावर ओळीने साबुदाण्याच्या पापड्या. बाईसाहेबांनी ड्रोहेडाहून साबुदाणा बॅगेत घालून आणला होता. रात्री भिजवला आणि पहाटे परक्या घरच्या स्वयंपाकघरात शिजवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, हे लोकांचं घर आहे, आपण पाहुणे आहोत," मी सुरू केलं. तेवढ्यात दिसलं की घरच्या मालकीणबाई पलीकडे लांब काठी घेऊन बसल्या आहेत आणि खजूर नि पापड्या दोन्हींवरच्या चिमण्या हाकलताहेत.

तो सगळा दिवस त्या दोघी गच्चीवर होत्या. एक वऱ्हाडीत बोलत होती, दुसरी तिच्या भाषेत, आणि दोघींना उत्तरं मिळत होती. नवरा फोनवर भाषांतर करायला सरसावला, तर आईने "हटव ते" म्हणून त्याला खाली पाठवलं. दुपारी मी पाणी घेऊन गेले तेव्हा त्या बाईंनी माझ्या मंगळसूत्राकडे आणि मग आईच्या मोकळ्या गळ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. बहुतेक, तुझा नवरा कुठे. आईने वर आभाळाकडे बोट केलं. त्या बाईंनी मान हलवली आणि आपलंही बोट वर केलं. मग दोघींनी एकेक अर्धवट वाळलेली पापडी उचलून तोंडात टाकली. ती अशी ओलसर खाण्यातच गंमत असते, हे त्या वाळवंटातल्या बाईंना कुणी शिकवावं लागलं नाही.

संध्याकाळी पापड्या खणखणीत वाजत होत्या. आई विजयी वीरासारखी खाली उतरली. त्यातल्या काही बाईंच्याच कढईत तळल्या, त्या फुलल्या तशा बाई खळखळून हसल्या.

निघायच्या सकाळी आईने पापड्यांची अर्धी पिशवी त्यांना दिली. त्यांनी हाताने थांबा अशी खूण केली, आत गेल्या आणि टोपलीभर खजूर घेऊन आल्या. द्यायचे कशात? इकडेतिकडे पाहिलं, आणि मग त्यांनी सरळ आईच्या पदराचं टोक धरलं, तिच्या हातावर पसरलं आणि त्यात खजूर ओतले.

आई ताठ झाली. मी गाडीच्या दाराशी होते, तिथूनच बघत होते. त्या बाईंना काय ठाऊक आपण काय केलं ते. आई एक पाऊल मागे सरकली. त्यांना वाटलं, ही भिडेने नको म्हणते आहे, म्हणून त्यांनी आणखी दोन ओंजळी घातल्या आणि वरून पदर दाबून बसवला. आई पदराकडे बघत राहिली. मग तिने हळूच त्याची गाठ मारली आणि पोटाशी धरून गाडीत बसली. मी पिशवी पुढे केली, तर म्हणाली, "राहू दे." माराकेशच्या विमानतळावर तपासणीत तिला गाठ सोडायला लावली. तिने सगळे खजूर ट्रेमध्ये ओतले, यंत्रातून पलीकडे गेले की पुन्हा पदरात घेतले आणि पुन्हा गाठ मारली. तपासणारा माणूस अदबीने थांबून राहिला.

डब्लिनला अर्थातच पाऊस होता. खजूर स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये गेले. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता मीही म्हणते. आईने कुणाला त्यांना हात लावू दिला नाही. मी काही विचारलं नाही. मला गप्प बसणं कठीण जातं, पण बसले.

डोहाळजेवणाच्या दिवशी घर भरलं होतं. मी हिरव्या साडीत, दुकानातल्या पांढऱ्या फुलांचे दागिने घालून पाटावर बसले होते. आई नेहमीप्रमाणे वर गेली होती. बायकांमधल्या सगळ्यात मोठीने नारळ-तांदळाचं तबक उचललं, आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आई आली होती, नेसून तीच प्रवासातली साडी, पदरात खजूर.

"काकू, तुम्ही..." तबकवाली अडखळली.

"थांब माय, पह्यली मी भरतो," आई म्हणाली. "माही एका बाईनं भरली. ते बी माह्यासारखीच होती. तिच्या गावात काई कमी नोतं."

तबकवाली बाजूला सरकली. आईने माझा पदर पसरला आणि सगळे खजूर त्यात ओतले. मी रडले, हुंदके देऊन रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आईने पदराच्या टोकाने माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "रडू नको वं. खजूर वल्ले होतीन, अन इथं काई वायत नाई."