मधली पट्टी किती उंचावर

सोमवार होता. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि मी कामाला लागून वीसच मिनिटं. तेवढ्यात एका बाईनं पिशवीतून ओढणी काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "या मापाच्या साडेसहा द्या."

तिथून हे सगळं सुरू झालं.

आमचं दुकान नागपूरला लकडगंजात आहे. भिंतीला, छताच्या कडेला, दाराच्या चौकटीला लावायच्या शोभेच्या पट्ट्या आम्ही विकतो. दिसायला लाकडाच्या, दगडाच्या, सोन्याच्या. असतात सगळ्या फोमच्या नाहीतर पीव्हीसीच्या. घराचं काम काढलेली माणसं येतात. मी सॅम्पल दाखवते, पसंत पडलं की ऑर्डर लिहून घेते. सातवी शिकले, त्यामुळे फूट आणि इंच जमतात. शेठ आहेत. आणि गजाननभाऊ, जे घरोघरी जाऊन पट्ट्या लावून देतात. गोष्टी कशा साठत जातात म्हणाल, तर कापून उरलेल्या तुकड्यांसारख्या. टाकवत नाहीत, कुठं लावताही येत नाहीत, कोपऱ्यात ढीग वाढत जातो.

मी त्या लक्षात ठेवायला लागले परीसाठी. परी माझी मुलगी. ती कुहीला माझ्या आईजवळ राहते, नवरा सावनेरकडे खाणीवर ठेकेदाराच्या कामाला, आणि मी इथं, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत. तिघांची तीन गावं. रोज संध्याकाळी फोनवर ती विचारते, "आज काय झालं?" काहीतरी झालेलं असावं लागतं.

तर ती ओढणी. गजाननभाऊंनी टेप लावून मापली, साडेसहानं गुणलं, पट्ट्या पाठवल्या. तिसऱ्या दिवशी बाई परत. दोन पट्ट्या कमी पडल्या होत्या. घरी नवराबायकोनं दोन्ही टोकं धरून ओढणी ताणून मापलं होतं, इथं ती टेबलावर सैल पडली होती. पण बाई ऐकायलाच तयार नाही.

"ओढणी तर तेच आहे भाऊ," ती म्हणाली, "भिंतच वाढली."

मी परीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं आजीच्या पदरानं म्हैस मापली.

"किती भरली?" मी विचारलं.

"ती हलते ना आई."

*

एक जोडपं आलं होतं. बाईला हॉलमध्ये सोनेरी पट्टी पाहिजे होती, नवऱ्याला काहीच नको होतं. दीड तास झाला. बाई सॅम्पल घेऊन उन्हात जाई, सावलीत येई, ट्यूबलाइटखाली धरी. नवरा स्टुलावर बसून फोन पाहत होता. शेवटी वैतागला आणि गजाननभाऊंना म्हणाला, "अशी पट्टी नाही का तुमच्याकडं, जे हिले दिसन, मले नाही दिसणार?"

भाऊ म्हणाले, "आहे ना. दाराच्या वर लावून देतो, आतून. तुम्ही घरात येता तं तुमची पाठ राहीन तिकडं. ताई वाट पाहत बसतात, त्याहिले समोरच दिसन."

नवऱ्यानं फोन खिशात टाकला. तीच ऑर्डर झाली.

*

मागच्या पावसाळ्यात आईच्या शेतात रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू होता. दिवसभर तीही चिखलात, म्हणून परीला आठ दिवस माझ्याजवळ आणलं. खोलीवर एकटी कशी ठेवणार, आमच्या जिन्याला कठडा नाही. दुकानातच घेऊन यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी दिसेना. मी टेबलाखाली पाहिलं, गोदामात पाहिलं, रस्त्यावर धावत गेले. समोर ट्रक उभे, हमाल माल उतरवून राहिलेले. शेठ आयुष्यात खुर्चीवरून उठत नाहीत, ते चौकापर्यंत अनवाणी गेले.

आत गजाननभाऊ माल काढायला गेले. पट्ट्यांचा खोका आठ फूट लांब असतो. एक उघडा होता. त्यात परी पसरून झोपली होती, पायाशी दोन पट्ट्या, वरती आमचंच कॅटलॉग पांघरलेलं.

भाऊ ओरडले, "शेठ, हा माल कोणी मागवला?"

सगळे हसले. मीही हसले आणि तिला खोक्यातून उचलून घेतलं.

चौथ्या दिवशी भिंतीशी उभा केलेला पट्ट्यांचा गठ्ठा घसरला. पाच मिनिटं आधी परी त्याच जागी भातुकली मांडून बसली होती. नशिबानं तेव्हा पाणी प्यायला उठली होती. शेठ रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "ताई, पट्टी टूटेगी तो दूसरी आ जाएगी."

मी त्याच संध्याकाळी तिला कुहीला सोडून आले. माझ्या बसकडं पाहून हात हलवायचा असतो हे ती विसरली, कारण म्हैस समोर आली होती. मी मात्र खिडकीतून हलवत राहिले.

*

तेव्हाच ठरवलं, परीला शाळेत नागपुरातच घालायचं. शाळा बाराला सुटणार, दुकान सातपर्यंत. मधल्या वेळेला कोणीतरी चांगलं माणूस पाहिजे, घराजवळचं, जिन्याला कठडा असलेलं. जूनच्या आत मिळालं नाही तर आई तिचं नाव कुहीच्या शाळेत घालणार. "एक वर्षानं काय बिघडते वं?" आई म्हणते. आईचं चुकत नाही. पण परी आता आजीला 'आई' म्हणते आणि मला 'नागपूरची आई'.

म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायला लागले. ऑर्डर लिहून झाली की शेवटी, "ताई, तुमच्या ओळखीत मुलं सांभाळणारी कोणी आहे का?"

एकीनं पत्ता दिला. जाऊन पाहिलं तर एका खोलीत बरीच मुलं, टीव्ही चालू, आणि अंगणात बिनझाकणाचं टाकं. मी दारातूनच परत फिरले. दुसरीनं तीन पायऱ्या उतरल्यावर वळून मलाच सांगितलं, "पोरगी सांभाळणारी भेटली तं तिले विचारजो वं, सासू सांभाळते का."

गजाननभाऊ म्हणायचे, "ताई, तुम्ही पट्टी कमी विकून राहिल्या, चौकशीच जास्त."



*

मागच्या वर्षी मे महिन्यात सावनेरच्या एका माणसानं पट्ट्या नेल्या आणि घरी रंगकाम चालू आहे म्हणून गच्चीवर टाकून ठेवल्या. नागपूरकडचा मे. संध्याकाळी त्याचा फोटो आला. सगळ्या पट्ट्या धनुष्यासारख्या वाकलेल्या. खाली लिहिलं होतं, "हे डिझाइन मी मागितलं नव्हतं."

गजाननभाऊ गेले. पट्ट्या सरळ होईनात. तेव्हा भाऊंनी त्या तशाच देवघराच्या वर लावून दिल्या, एकाखाली एक. झाली की कमान. घरातल्या म्हातारीनं हात जोडले.

आठ दिवसांनी तिथून दुसरं गिऱ्हाईक आलं. "ते सावनेरवालं गोल डिझाइन पाहिजे."

आता उन्हाळ्यात आम्ही चार पट्ट्या मुद्दाम टिनाच्या छपरावर टाकतो.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी हे सांगितलं. तो खूप हसला. मग म्हणाला, "मी पण दिवसभर उन्हातच असतो. पाहा, मलेही नेईन कोणी गोल डिझाइन म्हणून." परीबद्दल दोघांनाही विचारायचं होतं, कोणीच विचारलं नाही.

*

आता शेवटचं.

हॉलच्या भिंतीला मधोमध एक आडवी पट्टी लावतात. वरचा रंग वेगळा, खालचा वेगळा. ती किती उंचावर लावायची, हे प्रत्येक जण विचारतो. मी कधी आकडा सांगितला नाही. हात धरून दाखवते, "एवढ्यावर." गजाननभाऊ दुकानातच पेन्सिलीनं माझ्या हाताखाली खूण करतात आणि तेच माप घेऊन जातात.

मागच्या गल्लीतल्या मालतीकाकू आल्या होत्या. घरी त्या आणि काका, दोघंच. त्यांनी विचारलं, मी हात धरला. काकूंनी पट्टीकडं पाहिलंच नाही, माझ्या तळव्याकडं पाहिलं. तळवा थोडा गोल झालेला होता.

"कोणाचं डोकं आहे हे?" त्या म्हणाल्या.

मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. "माझ्या मुलीचं," मी म्हटलं.

"कुठं आहे ती?"

सांगितलं. कुही, आजी, शाळा, बारा ते सात, जून, सगळंच सांगून बसले. काकूंनी ऐकलं, पट्टीचा पांढरा रंग पसंत केला आणि गेल्या. भाऊंनी त्या उंचीवर पट्टी लावून दिली.

मग होळीला मी कुहीला गेले. परी धावत आली, मी डोक्यावर हात ठेवायला गेले तर हात आधीच आदळला. चार बोटं उंच झाली होती. हात मागच्या दिवाळीतच राहिला होता.

परत आल्यावर मी दुकानात हे हसत हसत सांगितलं. गजाननभाऊ हसले नाहीत. बोटांवर काहीतरी मोजत बसले.

"म्हणजे ताई," ते म्हणाले, "अख्ख्या पूर्व नागपुरात तुमची पोरगी मी चार बोटं बुटकी लावून ठेवली."

मालतीकाकू तेव्हा त्यांच्या पट्टीच्या कोपऱ्यावरचं टोपण बदलून घ्यायला आल्या होत्या. त्यांनी ऐकलं, टोपण घेतलं आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी गजाननभाऊंना घरी बोलावलं. भाऊ दुपारी दुकानात आले ते सरळ माझ्या टेबलापाशी. त्यांनी जसं सांगितलं तसं सांगते.

काकूंनी पट्टी काढायला लावली. चिकटवलेली पट्टी, निघताना भिंतीचा रंग घेऊन आली, पुट्टीसुद्धा सुटली. चार बोटं वर नवीन खूण केली काकूंनी, स्वतःच्या हातानं. काका पेपर बाजूला ठेवून उठले.

"अवं, चांगली तं बसली होती. काहून काढून राहिली?"

काकू म्हणाल्या, "पोरगी वाढली."

काकांनी त्या खुणेवर हात ठेवून पाहिला. मग त्यांनी भाऊंना विचारलं, खालचा रंग धुता येणारा मिळतो का, पेन्सिलीच्या रेघा पुसता येतील असा. आणि काम कधी संपेल.

भाऊंनी विचारलं, "तुमाले कधी पाहिजे?"

"शाळा उघडायच्या आत," काकूच म्हणाल्या.

मी कितीतरी जणांना सांगून ठेवलं आहे. सगळ्यांचे नंबर माझ्याकडं नाहीत. आमच्या दुकानातून पट्टी नेलेलं कोणी तुम्हाला भेटलं, तर माझा एवढा निरोप द्या: नागपूरची आई म्हणते, आता माणूस शोधू नका.