डुक्कर मारायला कोणी नाही

ज्या गेममध्ये एके काळी हजारो माणसं एकमेकांना शिव्या घालत हिंडायची, तो आता माझ्या एकट्याच्या कॉम्प्युटरवर चालतो. कंपनीनं तो कधीच बंद केला. पण जगात रिकामटेकडे काही कमी नाहीत. कुणीतरी त्याचा घरगुती सर्व्हर बनवला. गर्दी नाही, भांडण नाही, अख्खं राज्य तुमचं, अशी त्याची जाहिरात. म्हणजे एकट्यानंच पंगत मांडायची आणि स्वतःलाच जिलबीचा आग्रह करायचा. मी तो हौसेनं आमच्या बी-बियाण्यांच्या दुकानामागच्या गोडाऊनमध्ये बसवला.

जुन्नरला कॉलेजात असताना नेट कॅफेत आम्ही चौघं हा गेम खेळायचो. आम्ही जैन. मम्मीनं शपथ घातली होती: खेळ, पण जीव मारायचा नाही, खोटा असला तरी. म्हणून मी गेममध्ये वैद्य झालो. बाकीचे तिघं रानडुकरं मारायचे आणि मी मागं उभा राहून त्यांच्या जखमा भरायचो. डुकरांची कातडी बाजारात विकायचं कामही माझ्याकडेच. आमच्यातला एक खोडदच्या शेतकऱ्याचा पोरगा. तो म्हणायचा, "पाप आमी करायचं, पुण्य तू घ्यायचं, अन् वाटा सारखाच! लई भारी धंदा हाय राव. दुकानात अळीचं औषध इकता, ती अळी काय हसून मरती व्हय?"

हे मी घरी सांगितलं तेव्हा वडील शांतपणे म्हणाले, "आपण फक्त विकतो. मारतो शेतकरी." मला ते उत्तर फार हुशारीचं वाटलं होतं.

तर आता परत गेममध्ये शिरलो आणि पहिलंच डुक्कर अंगावर आलं. ते धडक मारी, मी माझी जखम भरी. पुन्हा धडक, पुन्हा मलम. दुपार गेली तरी ना मी मेलो, ना ते. खोडदच्या मित्राला फोन केला. तो टोमॅटोवर फवारणी करत होता. "खेळायला न्हाई यायचो, पण तू इकडं ये," तो म्हणाला. "खरी डुकरं दावतो. समदा मका लोळवलाय." आणि फोन ठेवला.

मग मी भाडोत्री बाहुले घेतले. सर्व्हरमध्ये तशी सोय आहे, कॉम्प्युटरच त्यांना हलवतो. शहाण्यासारखी त्यांना तिघा मित्रांची नावं दिली. बाहुले मुकाट मारत आणि प्रत्येक मलमाला एकाच ठेक्यात 'आभारी आहे' म्हणत. खोडदच्यानं जन्मात आभार मानले नाहीत. मलमाला उशीर झाला की तो अख्ख्या कॅफेला ऐकू जाईल असं ओरडायचा, "झोपला का रं बैला?" त्या शिवीची मला इतकी आठवण आली की लाज वाटली. बाहुले काढून टाकले.

पुढचं डुक्कर हजर होतंच. तेवढ्यात मम्मी चहा घेऊन आली आणि बियाण्याच्या पोत्यावर टेकली. पुढं काउंटरवर वडील कुणाला तरी सांगत होते, या औषधानं एका फवाऱ्यात अळी साफ.

"अजून मारत नाहीस ना?" तिनं कौतुकानं विचारलं.

"नाही."

ती थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. धडक, मलम, धडक, मलम.

"मग तुझ्यासाठी मारणारी ती पोरं कुठंयत?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, तिला यातलं काही कळत नाही. वैद्याच्या हातात एक काठी असते, शोभेची. मी ती डुकराच्या डोक्यात घातली. मलम न लावता घालत राहिलो. बऱ्याच वेळानं ते आडवं झालं. कोणी ओरडलं नाही, कोणी वाटा मागितला नाही. कातडी सगळी माझी.

मम्मीनं कप उचलला.

"दिवस मावळायच्या आत जेवायचंय," ती म्हणाली. "आधी अंघोळ करून घे."