भिंगमामांची कडा

भिंगमामांच्या उजव्या डोळ्याभोवती एक गोल वण होता. वर्षानुवर्षं रोज आठ तास भिंग डोळ्यात धरून पडलेला. साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा हा माणूस हिंगोलीत चार बाय सहा फुटांच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायचा. नव्वदच्या दशकात सगळा बाजार त्यांना भिंगमामाच म्हणायचा, आणि मीही.

माझं चावीचं घड्याळ दिवसाला चाळीस सेकंद मागे पडत होतं. मी पाटबंधारे खात्यात मोजमापाच्या कामावर. आकडा कच्चा राहिलेला मला चालत नाही. मामांना त्याहून चालत नसे. घड्याळ उताणं, उपडं, चावी वर, चावी खाली असं सहा दिवस सहा तऱ्हांनी ठेवून त्यांनी रोजचा फरक पाटीवर लिहिला. सातव्या दिवशी म्हणाले, "चार सेकंद राह्यले. त्याच्या खाली न्हाई येणार, वय झालं घडीचं." त्या चार सेकंदांवर आमची दोस्ती जमली.

त्यांचा एक नियम होता. झाकण उघडलं की आधी गिऱ्हाइकाच्या हातात भिंग द्यायचं. "आत बघा, मंग मी हात लावतो." काम झाल्यावर पुन्हा तेच. लोक कंटाळत, पण मामा सोडत नसत.

एकदाच सोडलं. कुरुंद्याचे अण्णा, मोठे हळदवाले, मुलाचं परदेशी घड्याळ सफाईला घेऊन आले. खूप नामांकित कंपनीचं. हळदीचं वजन व्हायचं होतं, गडबड होती. "तुमच्यावर भरोसा हाय मामा," म्हणत ते न बघताच गेले, आणि नेतानाही तसंच नेलं.

दोन महिन्यांनी अण्णा भर बाजारात दुकानासमोर उभे. पुण्याच्या दुकानदाराने मुलाला सांगितलं होतं की आतल्या मशीनवर दुसऱ्याच कारखान्याची खूण आहे.

"मामा, वरचं कातडं ठेवलं अन् आतडी बदलली काहून?"

"अण्णा, मोठमोठ्या कंपन्या मशीन दुसऱ्याकडून घेतात. मंग आपल्या हातानं सजवतात."

"एवढी महागाची कंपनी उसनं मशीन घालंल व्हय? कोणाला शिकवता!"

लोक हसले. पुढचे तीन आठवडे दुकानात एकही नवं घड्याळ आलं नाही. मामा ओरडले नाहीत, की शपथा घेतल्या नाहीत. रोज वेळेवर दुकान उघडत आणि एक दिवसाआड दुपारच्या एसटीने नांदेडला जात. तिथल्या ओळखीच्या कारागिरांकडे ते तेच मशीन असलेलं साधं घड्याळ शोधत होते. ते सहाव्या खेपेला मिळालं.

मग अण्णांना निरोप गेला. दोन्ही घड्याळं उघडून पांढऱ्या कागदावर ठेवली. मोजायला मामांनी मला बसवलं. "साहेब माझ्या बाजूनंबी खोटं मोजणार न्हाईत," असं म्हणाले. मी मोजलं. चाकांची टोकं ज्यांत फिरतात ती माणकं पंचवीस आणि पंचवीस. चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, स्क्रू, भोकांच्या जागा बरोबर एकसारख्या. कारखान्याची खूणही दोन्हींत त्याच जागी. साध्या घड्याळाचं अंग मात्र खरखरीत होतं. अण्णांच्या घड्याळात पट्ट्यांवर बारीक रेघा होत्या, एका पट्टीवरून दुसरीवर न तुटता गेलेल्या. प्रत्येक पट्टीची कडा तिरकी घासून आरशासारखी केलेली. वेग कमीजास्त करायचा काटा बदललेला, आणि हात हलला की आपोआप चावी देणाऱ्या फिरत्या वजनावर कंपनीचं स्वतःचं नाव.

अण्णांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. "कशावरून हे तुमीच घासलं नसंल?"

मामांनी भिंग काढलं. "अण्णा, अशी कडा मला आली असती, तर मी हितं तुमचं ऐकून घेत बसलो असतो व्हय?"

अण्णा हसले, अन् तिथंच सगळ्यांदेखत हात जोडून म्हणाले, "चुकलं मामा." दुसऱ्या दिवशी ते स्वतः गावातली सात घड्याळं घेऊन आले.

पण 'अशी कडा मला आली असती' हे स्वतःचंच वाक्य मामांच्या मनात राहिलं असावं. त्यानंतर दुकानात गेलं की ते भंगारातली एखादी पट्टी लाकडी काडीने आणि चकाकी आणणाऱ्या लेपाने घासताना दिसत. "मशीन दुसऱ्याचं असलं तर असू द्या साहेब. कडा आपली पाह्यजे." तेरा पट्ट्या वाया गेलेल्या मीच मोजल्या होत्या.

पुढे सगळीकडे बॅटरीचीच घड्याळं झाली, मग मोबाइल आले. मामांची नजरही अधू झाली. दुकान कायमचं बंद करायच्या आधी त्यांनी माझं घड्याळ मागून घेतलं. "तेल बदलून देतो." महिनाभर ठेवलं. परत देताना झाकण लावलेलं होतं. आत बघा म्हणाले नाहीत. मीही भिंग मागितलं नाही. तांड्यावर गेल्यावर दुसऱ्याच वर्षी मामा वारले.

नंतर एकदा घड्याळ हातातून पडलं म्हणून नांदेडला नेलं. कारागिराने झाकण उघडलं आणि तो थांबला.

"काका, घडी साधी अन् आत असं काम? कोण्या कंपनीनं केलं?"

मी भिंग मागून घेतलं. पूर्वी मामांनीच दाखवलेल्या माझ्या घड्याळातल्या खरखरीत पट्ट्या मला पाठ होत्या. आता प्रत्येकीची कडा तिरकी, चकचकीत होती. एके ठिकाणी हात किंचित घसरलेला दिसला. मी सगळ्या मोजल्या. एकही सुटलेली नव्हती.

"मशीन कंपनीचं आहे," मी म्हणालो. "कडा हिंगोलीची."