जरा कळ काढ

आता विमानात बसायचं म्हटलं की मी आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडतो आणि खिडकी सोडून कडेची जागा मागून घेतो. गुडघे समोरच्या पाठीला घासतात, कानात कळा येतात, पण ते सोसवतं. लघवीचं तसं नाही. म्हातारपणी ती कुणाचं ऐकत नाही. हे मला सत्तरीला टेकल्यावर कळलं. आईच्या वेळीच कळायला हवं होतं.

बासष्ट-त्रेसष्ट सालची गोष्ट. मी जयपूरला कॉलेजात शिकवत होतो आणि आई आमच्याकडे असे. ऐन मे महिन्यात मुंबईहून तार आली. मामा अत्यवस्थ होता. आईच्या पाठचा तेवढा एकच भाऊ उरला होता. गाडीनं दोन दिवस मोडले असते, म्हणून मी विमानाची तिकिटं काढली. तो शुद्धीवर असताना त्याला भेटायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

आईचं वय त्र्याहत्तर. जन्मात विमान पाहिलेलं नाही. तिनं एकच प्रश्न विचारला, "तिथं मोरी असते का रे?"

"असते की, मागच्या बाजूला."

"आणि दार आतून अडकलं म्हणजे?"

मी हसलो. माझी मुलगी तिच्या अर्ध्या हिंदी मराठीत म्हणाली, "आजी, तू डरू नको." आई घाबरली नव्हती. तिनं कुणाला न सांगता पाणी बंद केलं होतं.

सांगानेरच्या धावपट्टीवर सकाळी आठलाच भाजणाऱ्या वाऱ्याची लू वाहत होती. विमान जुनं, दोन पंख्यांचं. उडालं आणि जे हेंदकाळायला लागलं ते थांबेचना. आईनं कानात कापूस कोंबला, डोळे मिटले आणि दोनदा कागदी पिशवीत ओकली. उदयपूरला उतरलो तेव्हा तिला भोवळ आली. ओठ पार सुकले होते. मग तिचा उपास माझ्या लक्षात आला. मी तिच्यावर खेकसलो, "हा काय वेडेपणा!" आणि समोर उभं राहून दोन ग्लास लिंबाचं सरबत पाजलं.

पुढच्या टप्प्यात तिनं माझी बाही ओढली. "मला जाऊन यायचंय. तू दाराशी उभा राहा."

मागच्या रांगेत आमच्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल बसले होते. विमान उसळ्या घेत होतं. नऊवारी नेसलेल्या आईला काखेत धरून त्यांच्यासमोरून न्यायचं, मग संडासाच्या दाराशी पहारा द्यायचा, ती आतून हाका मारणार... मला लाज वाटली. दुसरं काही कारण नव्हतं. मी म्हणालो, "आता मुंबई आलीच. जरा कळ काढ."

तिनं पुन्हा विचारलं नाही. सांताक्रूझला सगळे उतरले तरी ती उठेना. शेवटी उठली तेव्हा लुगडं मागून ओलं होतं. तिनं शाल कमरेला गुंडाळली आणि टॅक्सीत माझ्यापासून अंग चोरून बसली.

दादरला मामी दारातच उभी होती. "या वन्सं, लवकर या, सारखं ताई-ताई चाललंय त्यांचं."

आई उंबऱ्याच्या आत आली आणि थांबली. "आधी आंघोळ करते," म्हणाली.

"अहो, आंघोळ कसली आत्ता!"

"अशी नाही जायची मी त्याच्याजवळ."

ती मोरीत गेली. मी मामाच्या उशाशी बसलो. त्यानं डोळे उघडून विचारलं, "ताई आली?"

"आली," मी म्हणालो. "आंघोळीला गेलीय."

त्यानं मान हलवल्यासारखं केलं. आई ओल्या केसांनी धावत आली तोवर तो गेला होता.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. मामी सगळ्यांदेखत आईला म्हणाली, "भाऊ वाट बघत राहिला, पण तुम्ही तुमचं सोवळं सांभाळलंत."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी एका वाक्यात सगळं सांगू शकलो असतो. मी पानातला भात कालवत राहिलो.

"हो," आई मामीला म्हणाली, "चुकलंच माझं."