कोड कोणाच्या फोनवर?

तेल्हाऱ्याचे नत्थुजी भारी संशयी. ईमेल उघडायचा तर आधी दार लावणार, पासवर्ड दर शनिवारी बदलणार, अन् सून सीमा चहा घेऊन आली की मोबाईल पालथा घालणार. तरीही एका दुपारी सूचना आली: दुसऱ्याच कोणीतरी त्यांच्या ईमेल खात्यात शिरलं होतं. त्यांनी डोळे वटारून थेट सीमाकडे पाहिलं.

तिनं मोबाईल हिसकून सेटिंग उघडली. "मामाजी, पासवर्ड विसरला तं कोड ज्याच्यावर जाते, तो नंबर कोनाचा हाय?"

"ऑनलाइन सेंटरवाल्या गजूचा. त्यानंच तं खातं काढून देल्लं."

"म्हंजे कोड त्याले, अन् शक माह्यावर!"

नत्थुजींनी उठून खिडकीही लावली.

"हळू बोल. साऱ्या गल्लीचे खाते त्यानंच काढून देल्ले."